हिवाळ्यातल्या दोन याद्या

सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल क्लबमध्ये मोठी माणसं सोमवारी जातात. २०२४ चा मोसम २९ सप्टेंबरला, रविवारी संपला आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉल विभागाचे अध्यक्ष फरहान झैदी यांना नारळ मिळाला. २०२५ चा मोसम २८ सप्टेंबरला संपला, तोही रविवारच. सोमवारी मैदानावर संघ चालवणारे मॅनेजर बॉब मेल्विन गेले. मेल्विन यांच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. १ जुलैला क्लबने त्यांचं २०२६ सालचं वर्ष करारात पक्कं केलं होतं. तीन महिन्यांत पक्क्याचं कच्चं झालं.

बे एरियात राहून सॉफ्टवेअरवाल्यांना कामावरून काढल्याच्या बातम्या वाचायची सवय होते, त्यामुळे सोमवार सकाळचं मला विशेष वाटत नाही. विशेष वाटतं ते पुढचे पाच महिने. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने होतात, त्यांतले बरेचसे मी स्वयंपाक करता करता रेडिओवर अर्धवट ऐकते. पण नोव्हेंबर उजाडला की माझं लक्ष एकदम जागं होतं. कोण जाणार, कोण येणार, सेकंड बेसला कोणाला उभं करणार, पैसे कुठून आणणार. खेळापेक्षा खेळाची तजवीज मला जास्त आवडते असं घरात म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहे.

ज्यांचा बेसबॉलशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयपीएलच्या लिलावातला तो मोठा हॉल, हातोडा आणि वर जाणाऱ्या पाट्या डोळ्यांपुढून काढून टाका. तिथे दोन दिवसांत जे आटपतं ते इथे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत फोनवर चालतं. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च स्पर्धेत, सहा वर्षांची सेवा झाली आणि चालू करार संपला की खेळाडू मोकळा होतो. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, संपल्यावर पाच दिवसांनी तो कोणत्याही संघाशी बोलणी पक्की करू शकतो. सहा वर्षं झाली नसतील तर तो संघाच्या ताब्यात. तीनएक वर्षांनंतर पगारावरून लवादाकडे जाता येतं, पण संघ सोडून जाता येत नाही. खर्चावर सक्तीची कमाल मर्यादा नाही. एका आकड्यापुढे गेलात की दंडवजा कर भरावा लागतो. तो आकडा २०२५ साली २४ कोटी १० लाख डॉलर होता. डिसेंबरात सगळ्या संघांचे अधिकारी आणि खेळाडूंचे एजंट एखाद्या हॉटेलात जमतात आणि लॉबीत उभं राहून बातम्या पिकवतात. प्रत्येक संघाच्या मुख्य यादीत जागा चाळीस, प्रत्यक्ष मैदानासाठी सव्वीस. एक नाव आत घ्यायचं तर एक बाहेर. सगळा हिवाळा या आतबाहेरचा.

दर नोव्हेंबरला वर्तमानपत्रं संघाच्या गरजांची यादी छापतात. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) हवा, डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) हवा, शेवटच्या इनिंग्ज टाकणारे दोन हवेत. ही यादी खरी असते आणि कार्यालयातही साधारण अशीच असते. पण जायंट्सच्या मागे इतके हिवाळे काढल्यावर माझी खात्री झाली आहे, की शहरात आणखी एक यादी फिरत असते. ती कोणी छापत नाही. तिच्यात पोझिशन नसतात. माझ्या मुलाने कोणाच्या नावाचा शर्ट घ्यावा? हरल्यावर कोणाला बोलावं? दहा वर्षांनी ‘तू तेव्हा होतीस का स्टेडियममध्ये?’ असं कशाबद्दल विचारलं जाईल? पहिल्या यादीवर काम करायला फ्रंट ऑफिस (म्हणजे संघ बांधणारं कार्यालय) नेमतात. आणि ते बदललं जातं ते बहुतेक वेळा दुसऱ्या यादीमुळे.

झैदी यांचं उदाहरण यासाठी अगदी चोख आहे.

फरहान झैदी पाकिस्तानी कुटुंबातले, जन्म कॅनडाचा, वाढले मनिलात. एमआयटीत अर्थशास्त्र शिकले, मग बर्कलीला पीएचडी. २००५ मध्ये ते ओकलंड ॲथलेटिक्समध्ये विश्लेषक म्हणून रुजू झाले. कमी पैशांत, आकडेवारीच्या जोरावर संघ बांधणारा क्लब म्हणून तेव्हा ओकलंडचा गाजावाजा होता. तिथून लॉस एंजेलिस डॉजर्सचे जनरल मॅनेजर झाले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जायंट्सकडे आले. आमच्या ऑफिसातल्या देशी टेबलावर त्या आठवड्यात भलताच उत्साह होता. सीमेच्या कुठल्या बाजूचा वगैरे प्रश्न अशा वेळी कोणी काढत नाही. आपल्यासारखाच दिसणारा, एक्सेल शीटवर प्रेम असणारा माणूस अमेरिकेच्या राष्ट्रीय विरंगुळ्याच्या खुर्चीत बसला होता आणि त्याला बॅट किती वेगाने फिरवता येते हे कोणी विचारलं नव्हतं. मीही दिवसभर आकड्यांचीच हमाली करते. मला तो माणूस मनापासून आवडला, अजूनही आवडतो.

त्यांची पद्धत अशी की दुसऱ्यांनी टाकलेलं उचलायचं आणि ते नेमक्या जागी लावायचं. माइक यास्त्रझेम्स्की बाल्टिमोरच्या खालच्या संघांत अठ्ठाविशीपर्यंत पडून होता. आजोबा कार्ल हे बोस्टनचे थोर खेळाडू, नातवाला मात्र कोणी वर बोलवत नव्हतं. मार्च २०१९ मध्ये झैदींनी त्याला आणलं आणि तो सहा-सात वर्षं आमच्या आउटफील्डमध्ये उभा राहिला. लमाँट वेड मिनेसोटाकडून असाच हलक्या किमतीत आला आणि शेवटच्या इनिंगमध्ये सामने फिरवू लागला. समोर डावखुरा पिचर आला की अर्धा संघ बदलायचा, उजवा आला की परत बदलायचा. २०२१ साली जायंट्सने बदली फलंदाजांकरवी १८ होमरन (म्हणजे थेट सीमेबाहेरचे फटके) मारले, तो मेजर लीगचा विक्रम ठरला. आणि त्या वर्षी संघ १०७ सामने जिंकला. न्यूयॉर्कची वर्षं धरून, फ्रँचायझीच्या सबंध इतिहासात इतके कधी जिंकले नव्हते. डॉजर्स १०६ जिंकून दुसरे.

मग प्लेऑफमध्ये त्याच डॉजर्सशी पाचवा आणि निर्णायक सामना झाला. १४ ऑक्टोबरची रात्र, डॉजर्स २-१ ने पुढे, शेवटचा फलंदाज विल्मर फ्लोरेस. त्याने बॅट फिरवता फिरवता आवरली. फर्स्ट बेसच्या अंपायरने फिरवली असं ठरवलं, म्हणजे बाद. संपलं. टीव्हीवर दहा वेळा दाखवलं आणि दहाही वेळा मला ती फिरलेली दिसली नाही. पण १०७ विजयांच्या वर्षातलं आज लोकांना आठवतं ते एवढंच, आणि दोष काही अंपायरचा नाही. त्या संघात आठवणीला धरायला मूठ नव्हती. आज हा खेळायचा, उद्या तो. गणित बरोबर, पण शर्ट कोणाचा घ्यायचा?

एकच माणूस अपवाद होता. बस्टर पोझी. २०१० मध्ये पदार्पणाच्या मोसमातला सर्वोत्तम, २०१२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तिन्ही वर्ल्ड सिरीज विजयांत यष्टीमागे हाच. (यष्टी नसते, मला माहीत आहे, कॅचर म्हटलं तर सासूबाई झेल घेणारा समजतात.) २०११ मध्ये होम प्लेटवर, म्हणजे धाव पुरी होते त्या जागी, धावणारा खेळाडू येऊन आदळला आणि पोझीचा पाय मोडला. २०१४ पासून अशा धडकांवर बंदी घालणारा नियम आला, त्याला सगळे पोझीचाच नियम म्हणतात. २०२० चा मोसम त्याने दत्तक घेतलेल्या जुळ्या मुलींसाठी सोडला. २०२१ मध्ये परतला, झकास खेळला, आणि त्या फ्लोरेसच्या रात्रीनंतर तीन आठवड्यांत, चौतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. करारातलं पुढचं वर्ष क्लबच्या मर्जीवर होतं आणि क्लबला तो हवाच होता. त्याला नको होतं.

त्यानंतरचे झैदींचे तीन मोसम पाहा. ८१ जिंकले आणि ८१ हरले, मग ७९-८३, मग ८०-८२. शाळेत असं प्रगतिपुस्तक आणणाऱ्या मुलाला आपल्याकडे ‘बरा आहे’ म्हणतात आणि विषय बदलतात.

नाव आणायचा प्रयत्न झैदींनी केला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. उलट प्रत्येक हिवाळ्यात केला आणि प्रत्येक वेळी हात पोळले. डिसेंबर २०२२ मध्ये ॲरन जज येणार अशी बातमी एका पत्रकाराने टाकली, घाईत त्याच्या नावाचं स्पेलिंगही चुकवलं, आणि काही मिनिटांत मागे घेतली. जज मूळचा लिंडनचा, म्हणजे आमच्यापासून दोनेक तासांवरचा, लहानपणी जायंट्सचा चाहता. ३६ कोटी डॉलर घेऊन तो न्यूयॉर्कलाच राहिला. लगेच कार्लोस कोरियाशी तेरा वर्षांचा, ३५ कोटींचा करार ठरला. पत्रकार परिषदेची वेळ ठरली, आणि त्याच दिवशी काही तास आधी ती पुढे ढकलली गेली, कारण वैद्यकीय तपासणीत घोट्याजवळची जुनी शस्त्रक्रिया डॉक्टरांना खटकली. शहराने खूप दातओठ खाल्ले. पण न्यूयॉर्क मेट्सनी त्याला उचललं तेव्हा त्यांच्याही डॉक्टरांना तेच खटकलं, आणि शेवटी तो सहा वर्षांच्या करारावर मिनेसोटाला परत गेला. जायंट्सच्या डॉक्टरांचं बरोबर होतं, पण बरोबर असण्याचं श्रेय दुसऱ्या यादीत जमा होत नाही. पुढच्या वर्षी शोहेइ ओहतानी ७० कोटींवर डॉजर्सकडे गेला. तशाच स्वरूपाचा प्रस्ताव आम्हीही ठेवला होता, असं झैदींनी नंतर सांगितलं. ते ऐकून राग शांत होण्याऐवजी वाढला. पैसे देऊनही लोक येत नाहीत म्हणजे काय?

तेव्हा मालकांच्या गटात सामील झालेल्या पोझीने एक नाजूक गोष्ट जाहीरपणे बोलून दाखवली होती. सॅन फ्रान्सिस्को शहराबद्दल देशभर जे बोललं जातं, ते खेळाडूंच्या आणि त्यांच्या बायकांच्या कानावर जातं, आणि त्याचा परिणाम होतो. त्यावरून खूप वाद झाला. मला एवढंच जाणवलं, की कार्यालयातल्या इतर कोणी हे म्हटलं असतं तर सबब ठरली असती, पोझीने म्हटल्यावर ती चर्चा झाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये थर्ड बेसमन मॅट चॅपमनचा सहा वर्षांचा, १५ कोटी १० लाखांचा करार झाला. त्या बोलण्यांत पोझी स्वतः उतरल्याचं बाहेर आलं तेव्हाच माझ्या ऑफिसातली डेली सिटीची मैत्रीण म्हणाली होती, की झैदींचं सामान आवरायला घ्या. ती तिसऱ्या पिढीची जायंट्सवाली. तिच्या आजोबांनी कँडलस्टिक पार्क या जुन्या स्टेडियमच्या वाऱ्यात कुडकुडत सामने पाहिले. झैदींची प्रत्येक चाल तिला पटवून सांगायचा मी प्रयत्न करायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘सगळं खरं, पण मी कोणाला बघायला जाऊ?’

त्याच महिन्यात खाडीपलीकडे जे घडलं त्यापुढे आमचं रडगाणं फिकं होतं. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंड ॲथलेटिक्सचा कोलिझियममधला अखेरचा सामना झाला. मालकाने संघच शहरातून हलवला. आधी तात्पुरता सॅक्रामेंटोला, पुढे लास व्हेगासला न्यायचा बेत. झैदी ज्या क्लबमध्ये घडले, मेल्विन यांनी जिथे अकरा मोसम काढले, तो क्लबच उठून गेला. तिथल्या लोकांना शॉर्टस्टॉपची चिंता करायचीही सोय राहिली नाही. पुढच्या जूनमध्ये त्याच कोलिझियमवर अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. पहिल्याच दिवशी, १२ जूनला, सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सच्या फिन ॲलनने ५१ चेंडूंत १५१ धावा ठोकल्या, त्यात १९ षटकार. आमची निम्मी सनीव्हेल-फ्रीमाँट तिकडे लोटली होती. मराठी, तेलुगू, पंजाबी, सगळे नाचत होते. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ ॲथलेटिक्सची हिरवी टोपी घालून बसले होते. त्यांना क्रिकेट कळत नसावं, पण चेंडू प्रेक्षकांत आला की तेही उभे राहत.

तर पोझी अध्यक्ष झाला. मैदान सोडून तीन वर्षं झालेली, कार्यालयाचा अनुभव नाही. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्याने सांगितलं, की आपण आठवणी तयार करण्याच्या धंद्यात आहोत. दुसरी यादी इतक्या उघडपणे वाचून दाखवणारा अधिकारी मी पहिल्यांदा पाहिला. जनरल मॅनेजर म्हणून त्याने झॅक मिनेशियनला बढती दिली. मिनेशियन मूळचा स्काउट, म्हणजे गावोगाव हिंडून खेळाडू डोळ्यांनी पारखणारा. त्याचा भाऊ पेरी लॉस एंजेलिस एंजल्सचा जनरल मॅनेजर आहे. आईवडिलांनी डिसेंबरात कोणाला फोन करायचा, देव जाणे.

आणि डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात विली अदामेस आला. सात वर्षं, १८ कोटी २० लाख. जायंट्सच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा करार. आधीचा विक्रम १६ कोटी ७० लाखांचा आणि तो स्वतः पोझीच्या नावावर! स्वतःचा विक्रम चेकवर सही करून मोडणारा माणूस विरळाच. शॉर्टस्टॉप ही पहिल्या यादीतली खरी गरज होती. ब्रँडन क्रॉफर्ड गेल्यापासून ती जागा उघडी होती. पण अदामेस हसतमुख, बोलका, रोज खेळणारा. म्हणजे दोन्ही याद्यांत बसणारा. पाठोपाठ जस्टिन व्हर्लँडर एका वर्षासाठी आला, वय बेचाळिशीला टेकलेलं, सर्वोत्तम पिचरचे तीन साय यंग पुरस्कार, दारावर हॉल ऑफ फेम. माझ्या शीटमध्ये तो बसत नव्हता. डेली सिटीवालीने त्याच दिवशी तिकिटं काढली.

अदामेसइतक्याच, म्हणजे अगदी त्याच १८ कोटी २० लाखांवर ब्लेक स्नेल डॉजर्सकडे गेला. हा स्नेल आदल्या मोसमात आमचाच होता, ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला एकही हिट न देता अख्खा सामना टाकलेला. तेवढ्याच पैशांत एका संघाने रोज खेळणारा माणूस घेतला आणि दुसऱ्याने पाच दिवसांतून एकदा खेळणारा. डॉजर्सना परवडतं, कारण रोज खेळणारे त्यांच्याकडे आधीच रांगेत उभे.

२०२५ च्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. बाबांनी आयुष्यभर क्रिकेट पाहिलं, डेक्कनवर कट्ट्यावर बसून निवड समितीला शिव्या घातल्या. त्यांना बेसबॉल चार दिवसांत कळला. ट्रेड, म्हणजे दोन संघांतली खेळाडूंची अदलाबदल, मात्र काही केल्या पचेना. १५ जूनला, रविवारी, बोस्टनचा रफाएल डेव्हर्स आमच्याकडे आला. त्याचा बोस्टनशी खटका उडाला होता. थर्ड बेसची जागा क्लबने दुसऱ्याला दिली, मग फर्स्ट बेस सांभाळ म्हणाले, त्यावर तो नाही म्हणाला. बदल्यात आम्ही काइल हॅरिसन, जॉर्डन हिक्स आणि दोन पोरं पाठवली, आणि डेव्हर्सच्या करारातले उरलेले पंचवीस कोटींहून जास्त डॉलर आपल्या अंगावर घेतले.

‘म्हणजे हॅरिसनला विचारलं नाही?’ बाबा.

‘नाही.’

‘अगं, पण तो इथलाच ना? तूच म्हणालीस.’

इथलाच. सॅन होजेत जन्मलेला, कॉनकर्डच्या शाळेत शिकलेला. त्या दिवशी सामन्याआधी तो पिचिंगसाठी तयार होत होता आणि तो गावचा मुलगा संध्याकाळपर्यंत बोस्टनचा झाला. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘मुंबईने असं करून दाखवावं, दादर बंद होईल.’ मी त्यांना हार्दिक पंड्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, ‘आयपीएल सोड गं, मी रणजीबद्दल बोलतोय.’

८ जुलैला मात्र बाबा स्टेडियममध्ये होते, आणि त्यांचं नशीब बघा. कॅलट्रेनने किंग स्ट्रीटला उतरलो, दहा मिनिटं चालून आत. फिलाडेल्फियाविरुद्ध नववी इनिंग, जायंट्स दोन धावांनी मागे, बेसवर दोघं. पॅट्रिक बेलीने उजवीकडच्या खोल कोपऱ्यात चेंडू मारला. ओरेकल पार्कचा तो कोपरा विचित्र आहे. मागे खाडी आणि चिंचोळी जागा, त्यामुळे भिंत वाकडीतिकडी आणि विटांची. चेंडू भिंतीच्या कमानीवर आदळून भलतीकडे उडाला आणि बेली धावत सुटला तो चारी बेस पुरे करूनच थांबला. मैदानाच्या आतच होमरन, आणि त्यावर सामना जिंकला. कॅचरने असा सामना संपवल्याची आधीची नोंद १९२६ सालची. बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून मोकळे झाले. परतीच्या गाडीत त्यांनी तीन वेळा मला तो फटका समजावून सांगितला, जणू मी तिथे नव्हतेच.

हे झैदींच्या पद्धतीने झालं की पोझीच्या? बेलीला २०२० मध्ये झैदींच्या कार्यालयाने निवडलं. तो उत्तम कॅचर, फलंदाजी बेताची. झैदींच्या काळात हाच फटका बसला असता तर लोकांनी तसंच डोक्यावर घेतलं असतं. असतं ना? तरी मला शंका येते, की अध्यक्षांच्या खुर्चीत वर्ल्ड सिरीजच्या आठवणी घेऊन बसलेला माणूस आहे हे ठाऊक असल्यामुळे ती रात्र लोकांनी जपून ठेवली.

पुढे मोसम घसरला. ३० आणि ३१ जुलैला पोझीने बुलपेन, म्हणजे शेवटच्या इनिंग्ज टाकणारे पिचर, विकून टाकलं. टायलर रॉजर्स न्यूयॉर्क मेट्सकडे, कमिलो दोव्हाल यांकीजकडे. यास्त्रझेम्स्की कॅन्सस सिटीला गेला. वेड तर जूनमध्येच गेला होता. झैदींनी वेचलेली माणसं एकेक करून उठली. व्हर्लँडरला जायंट्सचा म्हणून पहिला विजय मिळायला २३ जुलै उजाडली, पण शेवटी शेवटी तो जुन्या रुबाबात टाकत होता. ऑगस्टअखेरीस अचानक संघ जिंकायला लागला, प्लेऑफच्या शर्यतीत परत आला, आणि पुन्हा गळाला. शेवटच्या दिवशी अदामेसने तिसावा होमरन मारला. २००४ मध्ये बॅरी बाँड्सनंतर एकाही जायंटने एका मोसमात तीस मारले नव्हते. या उजव्या भिंतीने आणि खाडीच्या थंड वाऱ्याने कित्येकांची उमेद खाल्ली. लोक उभे राहिले. पिचर लोगन वेबने सबंध नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अर्ध्या भागात, सर्वांत जास्त इनिंग्ज टाकल्या आणि सर्वांत जास्त फलंदाज स्ट्राइकआउट केले.

आणि हिशेब काय? ८१ जिंकले, ८१ हरले.

झैदींचं २०२२ सालचं प्रगतिपुस्तक, तंतोतंत. तोच निकाल, आणि माझ्या मैत्रिणीचा चेहरा मात्र पूर्ण वेगळा. तिच्याकडे आता अदामेसचा तिसावा आहे, बेलीची धाव आहे, डेव्हर्स फर्स्ट बेसचा ग्लोव्ह निमूट घालून उभा राहिला त्याची गोष्ट आहे. माझ्यातल्या हिशेबनीस बाईला हे अन्यायाचं वाटतं. ४५३ विजय आणि ४१७ पराभव असा झैदींचा सहा मोसमांचा जमाखर्च आहे, त्याला कोणी तोट्याचा म्हणू शकत नाही. पण तिकीट काढून थंडीत बसणाऱ्या बाईला मी तो जमाखर्च दाखवून गप्प करणार असेन, तर मलाच बेसबॉल कळलेला नाही. झैदी स्वतः पुन्हा डॉजर्सकडे सल्लागार म्हणून गेले, आणि डॉजर्सनी १ नोव्हेंबरला टोरांटोला अकराव्या इनिंगमध्ये हरवून सलग दुसरी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांची काळजी करायचं कारण नाही.

मेल्विन गेले त्याची मात्र मला हळहळ वाटली. माणूस पालो आल्टोत जन्मलेला, मेन्लो-ॲथर्टन शाळेत शिकलेला, ऐंशीच्या दशकात जायंट्सचाच कॅचर. शांत, सभ्य. त्यांना काढण्यात पोझीचा कठोरपणा दिसला असं सगळ्यांनी लिहिलं. मला त्यात दुसरंच दिसलं. निकाल तेच राहिले तर बदलायला काहीतरी हवं असतं, आणि खेळाडूंचे करार सात-सात वर्षांचे असतात.

नवा मॅनेजर टोनी विटेलो. २२ ऑक्टोबरला घोषणा झाली. टेनेसी विद्यापीठाचा प्रशिक्षक, २०२४ मध्ये महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवून दिलेला. व्यावसायिक बेसबॉलमध्ये ना कधी खेळला, ना कधी शिकवलं. तिथून थेट मेजर लीगचा मॅनेजर होणारा हा पहिलाच. आरडाओरडा करणारा, अंपायरशी भांडणारा, पोरांमध्ये जीव ओतणारा अशी ख्याती. पण कॉलेजमध्ये आठवड्याला चार-पाच सामने, इथे रोज. तिथे विद्यार्थी शिष्यवृत्तीवर, इथे डेव्हर्सचा करार ३१ कोटींवरचा. त्याला हा ‘पळ रे’ म्हणाला तर तो पळेल का, हे २०२६ च्या एप्रिलमध्ये कळणार होतं.

बाबा पुण्याला परतले, पण त्या हिवाळ्यात दर रविवारी फोनवर विचारायचे, ‘कोणी घेतला का?’ मी त्यांना यादी वाचून दाखवायचे. बुलपेन उघडं होतं. रॉजर्स आणि दोव्हाल गेले होते, आणि ज्याच्यावर शेवटची इनिंग सोपवली होती त्या रँडी रॉड्रिगेझच्या कोपराचं लिगामेंट फाटलं होतं, म्हणजे २०२६ मध्ये तो फार करून दिसणारच नव्हता. वेब आणि रॉबी रे यांच्यामागे निदान दोन भरवशाचे पिचर हवे होते. उजवं आउटफील्ड यास्त्रझेम्स्की गेल्यापासून रिकामं होतं. सेकंड बेसला कोणीही पक्कं नव्हतं. आणि एक गोड अडचण होती. ब्राइस एल्ड्रिज, सहा फूट सात इंच उंचीचा वीस वर्षांचा पोरगा, सप्टेंबरमध्ये वर आला होता. तो फर्स्ट बेसचा, डेव्हर्सही आता फर्स्ट बेसचा. एकाने नुसती बॅटिंग करायची, पण कोणी?

बाबांचं उत्तर तयार असायचं. डेव्हर्सने बसावं, पोराला खेळू द्यावं, इतके पैसे मिळतात त्याला तेवढं करायला काय जातं. मी म्हणायचे, बोस्टनमध्ये एकदा अशाच जागेवरून रामायण झालं आहे, विसरलात का. माझं मत विचाराल तर पोझीने त्या हिवाळ्यात मोठ्या नावाच्या मागे लागू नये असं होतं. नावं झाली होती. शेवटी टाकणारे दोन रिलीव्हर, सामना सुरू करणारा एक मधल्या दर्जाचा स्टार्टर, सेकंड बेसला बॅटला चेंडू लावणारा कोणीतरी, आणि राइट फील्डमध्ये दुसऱ्यांनी टाकून दिलेला अठ्ठाविशीतला एखादा यास्त्रझेम्स्की. तो शोधायची कला ज्यांना येत होती त्यांतले निम्मे लोक तेव्हाही त्याच मजल्यावर बसत. त्यांना विचारायला हरकत नव्हती.